वासाचं कुंपण

टारफुला फुलला की परगावचा पाहुणा म्हणतो,
किती गोड जांभळा रंग!
आमच्या बायका मान फिरवतात.
तो फुलतो तेव्हा मका खालून रिता झालेला असतो,
महिनाभर आधीच.
वरून हिरवा, पाऊसही पोटभर,
तरी भर दुपारी पानं मिटून उभा,
जणू कुणी त्याची शिदोरी वाटेतच संपवली.

माझी आई अपोंडी उपटून उपटून वाकली.
एका झाडाच्या हजारो बिया,
वस्त्रगाळ पिठाहून बारीक,
मातीत वर्षानुवर्षं निजून राहतात
मक्याच्या मुळानं हाक मारेपर्यंत.
मुळं हाका मारतात?
‘उपाशी असली की जास्तच,’ ती म्हणाली,
आणि चुलीवरची ओमेना हलवत राहिली.

त्या साली ओयुगिसच्या बाजारात
तिनं अंड्यावरची कोंबडी दिली
आणि कागदाच्या पुडीत मूठभर बी आणलं.
मक्याच्या दोन ओळींमधे डेस्मोडियम.
शेताच्या चारी कडांना नेपिअर गवत,
तीन-तीन रांगा.
ओगुटूकाका बांधावर उकिडवा बसून हसला,
‘वहिनी, जग गवत खुरपतं, तू लावतेस.
उद्या किडेही पेरशील.’
‘त्यांचीच कडेला सोय करतेय,’ आई म्हणाली.

पहिला हंगाम गेला.
डेस्मोडियम इतकं सावकाश वाढलं
की तण कोणतं आणि ते कोणतं
हे बघायला आई गुडघ्यांवर रांगायची.
आम्ही कसावा खाऊन दिवस काढले.
कोंबडीचं नाव घरात कुणी काढलं नाही.

दुसऱ्या हंगामात तिनं मला कंदील दिला.
मी तेव्हा बारा वर्षांची.
‘बस. पतंग काय करतो ते सांग मला.’
लोल्वेवरून ओला वारा येत होता,
दूर पाण्यात मासेमारांचे दिवे.
आणि तो आला, खोडकिड्याचा पतंग,
राखेच्या रंगाचा, मक्याकडे सरळ.
मधेच थबकला.
मला तर काहीच वास येत नव्हता,
पण भरल्या घराच्या दारात
कुणी भांडताना ऐकू यावं
आणि पाहुण्यानं चपला पुन्हा पायात घालाव्यात,
तसा तो वळला.
कडेच्या नेपिअरवर उतरला. अंडी घातली.

पुढे अळ्या निघाल्या, देठात शिरल्या.
गवतानं चीक सोडला.
मी सकाळी देठ चिरून पाहिला,
अळी आत, मधात बुडाल्यासारखी.

मातीखालचं मला दिसलं नाही.
आईनं सांगितलं ते असं,
डेस्मोडियमचं मूळ खोटी हाक मारतं.
टारफुल्याचं बी उठतं, चाचपडतं,
मक्याचं मूळ काही हाती लागत नाही.
थोडे दिवस. मग आटोपतं.
मला त्याची दया आली होती.
तिला नाही.

टारफुला गेला असं मी म्हणणार नाही.
तिसऱ्या वर्षीही वरच्या कोपऱ्यात
एकशे चौदा रोपं मोजली मी.
पण कणसं हाताला जड लागू लागली,
गाईला कडेचं गवत पुरून उरलं,
आणि काका एका संध्याकाळी
बी कुठे मिळतं ते विचारून गेला,
दुसऱ्याच कुणासाठी असल्यासारखं.

शेजारची अकुमू विचारणार नव्हती.
दोन वर्षांपूर्वी आमच्या गाईनं तिची चवळी खाल्ली,
तेव्हापासून दोन्ही घरांत अबोला.
तिचं शेत जांभळं, कडेपासून कडेपर्यंत.

डेस्मोडियमच्या शेंगा कपड्यांना चिकटतात,
मांजराच्या जिभेसारख्या खरखरीत.
शेंगा पिकल्या त्या आठवड्यात
आईला अचानक आठवलं
की अकुमूची चाळण आपल्याकडे राहिलीय.
ती शेताच्या मधून गेली, लांबची वाट धरून.
अकुमूच्या बांधावर बसली,
झग्याची कड मांडीवर घेतली
आणि एक एक शेंग सोडवत राहिली.

अकुमू दारात उभी राहून बघत होती.
‘अंगण घाण करतेस,’ ती म्हणाली.
दोन वर्षांतलं पहिलं वाक्य.
‘हो,’ आई म्हणाली,
आणि झग्याची दुसरी बाजू पुढे ओढली.